भोरच्या एक लाख मतांचा वाली कोण?

भोर, वेल्हे आणि मुळशी असे तीन तालुके मिळून आमचा विधानसभा मतदारसंघ होतो. वेल्ह्याचं नाव कागदोपत्री आता राजगड तालुका झालं आहे, पण आमच्या तोंडी अजून वेल्हेच आहे. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत इथून राष्ट्रवादी काँग्रेसचे शंकर मांडेकर निवडून आले. तीन वेळा आमदार राहिलेले काँग्रेसचे संग्राम थोपटे एकोणीस हजारांहून अधिक मतांनी पडले. मांडेकर निवडणुकीच्या तोंडावर उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेतून अजित पवारांच्या राष्ट्रवादीत आले होते. थोपटे निवडणुकीनंतर पाच महिन्यांनी, २२ एप्रिल २०२५ ला, भाजपमध्ये गेले. म्हणजे जिंकलेले सत्ताधारी महायुतीत आणि हरलेलेही महायुतीत. थोपटेंना पडलेली एक लाखाहून जास्त मतं मात्र सरकारच्या विरोधात पडलेली होती. ती देणारी माणसं हिर्डस मावळात, वेळवंड खोऱ्यात, कानद खोऱ्यात आहेत तिथंच आहेत. त्यांनी आता कोणाच्या दारात जायचं?

मी थोपटेंची कार्यकर्ती नव्हते आणि मांडेकरांशी माझं काही वाकडं नाही. वेळवंड खोऱ्यातल्या एका लहान ग्रामपंचायतीत मी पाच वर्षं विरोधी सदस्य होते, एवढीच माझी राजकारणातली ओळख. पण त्या पाच वर्षांत विरोधात बसलेल्या माणसाचा गावाला काय उपयोग असतो, हे मी जवळून पाहिलं. म्हणून आज तालुक्यात विरोधी बाक रिकामं झालेलं पाहून मला जी भीती वाटते, ती मोकळेपणानं लिहिते आहे.

आमची ग्रामपंचायत सात जणांची. पॅनेल दोन. समोरचे पाच निवडून आले, आमचे दोघे. पहिल्याच मासिक सभेत दिसलं की प्रोसिडिंगच्या वहीत आधी सह्या होतात आणि ठराव मागाहून लिहिला जातो. वही माझ्यापुढे आली तेव्हा पान कोरं होतं. मी म्हटलं, ठराव लिहा, वाचून दाखवा, मग सही करते. सरपंच आमच्याच भावकीतले. ते म्हणाले, "वहिनी, घरच्या माणसांवर इस्वास नाही का?" विश्वास होता. पण त्या कोऱ्या पानावर काय उतरणार ते मला ठाऊक नव्हतं, आणि माझ्या वॉर्डातल्या माणसांनी मला ते बघायलाच तिथं पाठवलं होतं.

त्या दिवसापासून ठराव वाचून दाखवायला लागले. मतदान झालं की आम्ही हरायचोच, पाचापुढे दोघं काय करणार! पण ठराव मोठ्यानं वाचायचा आहे म्हटल्यावर तो लिहितानाच हात जपून चालतो. गटार किती मीटरचं, रक्कम कोणत्या वित्त आयोगाची, काम कोणाला दिलं, हे सगळं वहीत यायला लागलं. पुढे त्याच सरपंचांनी मला एकदा बाजूला घेऊन सांगितलं की वहिनी, तुम्ही विचारता म्हणून आम्हालाही ठेकेदाराला विचारता येतं. विरोधकाचा एक उपयोग सत्तेतल्या भल्या माणसालाही होतो, हे मला तेव्हा कळलं.

नळपाणी योजनेच्या विहिरीचं प्रकरण यापेक्षा मोठं. आमच्या खोऱ्याखाली भाटघरचं धरण आहे. इंग्रजांच्या काळातलं, साडेतेवीस टीएमसीच्या आसपास पाणी धरणारं. त्याचं पाणी नीरेच्या दोन्ही कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसकडे जातं, आणि काठावरच्या आमच्या वाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो. विहीर फुगवट्याच्या कडेला घ्यायची ठरली. पावसाळ्यानंतर बघितलं तर जागा उत्तम दिसते. पण उन्हाळ्याच्या तोंडाला फुगवटा मागं सरकतो, हे पाणी वाहणाऱ्या कोणत्याही बाईला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. मी विरोध नोंदवला. पाच विरुद्ध दोन असा ठराव मंजूर झाला. पण वहीत विरोध कारणासह लिहिलेला होता, आणि तो कागद घेऊन मी जिल्हा परिषदेच्या एका सदस्याकडे गेले. तेही तिथं विरोधातच बसत. त्यांनी सभेत प्रश्न विचारला, उत्तर देणं भाग पडलं, अभियंते पुन्हा पाहणीला आले आणि विहीर वरच्या ओढ्याच्या अंगाला सरकली. गावातलं अल्पमत, जिल्हा परिषदेतलं अल्पमत, आणि मधे एक कागद. या तिघांनी मिळून गावाला मे महिन्यात पाणी दिलं. यात सत्ताधाऱ्यांचा पराभव कुठंच झाला नाही. विहिरीचं उद्घाटनही त्यांनीच केलं, आणि ते बरोबरच होतं.

मार्च २०२२ मध्ये पुणे जिल्हा परिषदेची आणि पंचायत समित्यांची मुदत संपली. आरक्षण आणि गटरचनेचा वाद न्यायालयात अडकला, आणि जवळपास चार वर्षं कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. हीच वर्षं जलजीवन मिशनच्या कामांची. वाडीवाडीत पाइप पुरले गेले, टाक्या उभ्या राहिल्या. मी अधिकाऱ्यांना दोष देत नाही, त्यांतले काही मनापासून काम करणारे होते. पण सभाच नाही, तर प्रश्न कोणी आणि कुठं विचारायचा? माझ्यासारखीचा विरोध नोंदवलेला कागद घेऊन जायला जागाच उरली नव्हती. निवडून आलेलं सभागृह नसतं तेव्हा पहिला बळी विरोधकाचा जातो. सत्ताधाऱ्याला अधिकाऱ्याचं दार उघडं असतं, विरोधकाला फक्त सभागृहच असतं.

गावागावात आता एकच वाक्य ऐकू येतं. परवा भात झोडायला आलेला एक म्हातारा गडी मला म्हणाला, "ताई, इरोधात बसून काय मिळतंय? आमदार सत्तेत असला की निधी येतो." त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पावसाळ्यात वरंधा घाट बंद झाला की भोरकडून महाडला जायची वाट खुंटते. साकव वाहून गेला की शाळेतली मुलं घरी बसतात. अशा माणसानं निधीचा विचार करू नये, असं सांगायचा अधिकार मला नाही. पण निधी आणि निष्ठा यांची ही गाठ कोणी मारली, ते बघायला हवं.

आमदाराचा स्थानिक विकास निधी वर्षाला पाच कोटी. तो सत्तेतल्याला आणि विरोधातल्याला सारखाच. पण त्यात भोर-वेल्हे-मुळशीसारख्या डोंगराळ मतदारसंघाचं काय होणार? खरा पैसा अर्थसंकल्पातून, पुरवणी मागण्यांतून, वेगवेगळ्या खात्यांच्या योजनांतून आणि पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा नियोजन समितीतून येतो. तिथं कोणता रस्ता धरायचा आणि कोणता सोडायचा, याला लेखी निकष जवळजवळ नाही. मंत्र्यांचा शब्द हाच निकष. मुंबईतले तेव्हाचे आमदार रवींद्र वायकर ठाकरेंच्या शिवसेनेत असताना निधीवाटपातल्या भेदभावाविरुद्ध २०२३ मध्ये उच्च न्यायालयात गेले होते. मार्च २०२४ मध्ये तेच शिंदेंच्या शिवसेनेत गेले. एका माणसाच्या वागण्यावर मला बोलायचं नाही. पण कोर्टाचा निकाल लागेपर्यंत थांबायला आमदाराला परवडत नसेल, तर मतदाराला कसं परवडेल?

पश्चिम महाराष्ट्रात यापेक्षाही घट्ट एक फास आहे, आणि त्यावर उघड बोललं जात नाही. आमच्याकडचा नेता नुसता नेता नसतो. त्याच्या मागे साखर कारखाना असतो, शिक्षणसंस्था असते, कुठं दूध संघ असतो, कुठं बँक. निगड्याचा राजगड सहकारी साखर कारखाना थोपटे घराण्यानं उभा केला. तो अडचणीत आहे हे तालुक्यातल्या प्रत्येक ऊसवाल्याला ठाऊक आहे. अशा कारखान्याला मोठं कर्ज हवं असेल तर राज्य सरकारची थकहमी लागते. राजगडच्या कर्जाचा वाद २०२४ मध्ये उच्च न्यायालयापर्यंत गेला, तेव्हा थोपटे काँग्रेसचे आमदार होते. आता विचार करा. सभागृहात ज्या सरकारला जाब विचारायचा, त्याच सरकारच्या एका सहीवर आपल्या सभासदांचं उसाचं बिल आणि कामगारांचा पगार अवलंबून आहे. असा माणूस किती दिवस ताठ उभा राहील? थोपटेंनी काँग्रेस सोडताना पक्षानं वारंवार डावलल्याची तक्रार जाहीरपणे केली, आणि ती तक्रार खोटी नव्हती. नाना पटोलेंनी २०२१ मध्ये विधानसभेचं अध्यक्षपद सोडलं तेव्हा थोपटेंचं नाव पुढे होतं. २०२३ मध्ये विरोधी पक्षनेतेपदासाठीही होतं. दोन्ही वेळा काही मिळालं नाही. पण मी त्यांच्या जागी असते तर पक्षाच्या रागापेक्षा कारखान्याची काळजीच मला जास्त खाऊन टाकत असती.

म्हणून पक्षांतर करणाऱ्याला नुसत्या शिव्या घालून विरोधी पक्ष मजबूत होणार नाही. १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा निवडून आलेल्याला लागू होतो, पडलेल्याला नाही, आणि निवडून आलेल्यांनीही त्यातून वाटा काढल्याचं महाराष्ट्रानं २०२२ आणि २०२३ मध्ये पाहिलं. सरकारच्या हातातली ती सही जोवर मनमानी आहे, तोवर माणसं जातच राहणार. सहकारी कारखान्याला हमी द्यायची की नाही, हे ताळेबंद, गाळप क्षमता, मागची परतफेड अशा जाहीर निकषांवर ठरलं पाहिजे. कोणाला दिली, कोणाला नाकारली आणि का, याचा तक्ता दर अधिवेशनात सभागृहापुढे ठेवला गेला पाहिजे. विरोधी पक्षाला बळ द्यायचं तर सुरुवात मला इथं दिसते.

आता मुंबईकडे बघू. २८८ जणांच्या विधानसभेत २०२४ नंतर विरोधातला सगळ्यात मोठा पक्ष ठाकरेंची शिवसेना, २० आमदारांचा. काँग्रेसचे १६, शरद पवारांच्या पक्षाचे १०. एक दशांश म्हणजे २९ आमदार एका पक्षाकडे नाहीत, म्हणून विरोधी पक्षनेता नाही, असं सांगितलं गेलं. मार्च २०२५ मध्ये भास्कर जाधव यांचं नाव दिलं गेलं, निर्णय झाला नाही. विधान परिषदेतले विरोधी पक्षनेते अंबादास दानवे यांची मुदत ऑगस्ट २०२५ मध्ये संपली. डिसेंबरात नागपूरचं हिवाळी अधिवेशन जेमतेम आठवडाभर चाललं आणि दोन्ही सभागृहांत ती खुर्ची रिकामी होती.

एक दशांशाचा हा आकडा कायद्यात नाही. महाराष्ट्रानं विरोधी पक्षनेत्यांच्या वेतन-भत्त्यांचा कायदा १९७८ मध्ये केला. त्यात विरोधातल्या सर्वाधिक संख्येच्या पक्षाचा नेता आणि अध्यक्षांची मान्यता, एवढंच आहे. एक दशांशाचा संकेत लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळंकर यांनी घातला. सभागृहाच्या गणपूर्तीला लागतात तेवढे सदस्य तरी पक्षाकडे असावेत, असा त्यामागचा विचार होता. पहिल्या निवडणुकीनंतरच्या काळात, पक्षांची गर्दी होती तेव्हा, तो समजण्यासारखा होता. पण खुद्द महाराष्ट्रानंच तो नेहमी पाळलेला नाही. १९८५ च्या विधानसभेत जनता पक्षाचे २० आणि शेतकरी कामगार पक्षाचे १३ आमदार निवडून आले होते. शरद पवार काँग्रेसमध्ये परत गेल्यावर त्याच विधानसभेत मालेगावचे निहाल अहमद आणि अलिबागचे दत्ता पाटील विरोधी पक्षनेते झाले. तेरा जणांच्या पक्षाचा नेता! सभागृह काही कोसळलं नाही. दिल्लीत २०१५ मध्ये ७० पैकी भाजपचे तीनच आमदार होते, तरी विजेंदर गुप्ता यांना आम आदमी पक्षाच्या बहुमतातल्या सभागृहानं विरोधी पक्षनेता मानलं. हे मोठेपण दाखवणाऱ्या पक्षाला त्यातून तोटा झाला असं मला दिसत नाही.

या खुर्चीनं गावाला काय फरक पडतो, असं कोणी विचारील. राज्य माहिती आयुक्त निवडणाऱ्या समितीत मुख्यमंत्री, एक मंत्री आणि विधानसभेतला विरोधी पक्षनेता असतो. राज्य मानवी हक्क आयोगाच्या निवड समितीतही तो असतो. मी ग्रामपंचायतीचा जमाखर्च माहिती अधिकारात मागितला आणि तो मिळाला नाही, तर माझं अपील शेवटी त्या आयुक्तापुढे जातं. तो आयुक्त कोण असावा, हे ठरवताना सरकारबाहेरचा एक आवाज खोलीत असावा, एवढा साधा हा हिशोब आहे. आणि २००५ च्या माहिती अधिकार कायद्यानं या अडचणीवर तोडगाही देऊन ठेवला आहे. मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेता नसेल तर विरोधातल्या सर्वांत मोठ्या गटाचा नेता विरोधी पक्षनेता समजावा, असं स्पष्टीकरण त्या कायद्यातच आहे. तेच दोन ओळींचं स्पष्टीकरण १९७८ च्या कायद्यात घातलं की वाद मिटतो.

अर्थात खुर्ची मिळाली म्हणून विरोध टिकतो, असंही नाही. एकनाथ शिंदे २०१४ मध्ये काही आठवडे विरोधी पक्षनेते होते, मग मंत्री झाले. राधाकृष्ण विखे पाटील त्याच खुर्चीवरून उठून २०१९ मध्ये मंत्री झाले. अजित पवार २०२३ मध्ये त्या खुर्चीवरून थेट उपमुख्यमंत्रिपदावर गेले. एका दशकात तीनदा घडलं म्हणजे हा अपघात म्हणता येत नाही. ज्याच्याकडे आम्ही सरकारची तक्रार घेऊन गेलो, तोच उद्या सरकारात बसला, तर तक्रार करणाऱ्याची काय अवस्था होते? गावात आम्ही याचा अनुभव घेतला आहे. माणसं बोलायची थांबतात.

भोर तालुक्याच्या इतिहासाला हे रिकामं विरोधी बाक शोभत नाही, असं मला मनापासून वाटतं. केशवराव जेधे इथल्या कारीच्या जेधे घराण्यातले. स्वातंत्र्य मिळालं, काँग्रेस सत्तेवर आली, सगळी वाट सत्तेकडे जात होती, तेव्हा जेध्यांनी शंकरराव मोऱ्यांसारख्या सहकाऱ्यांबरोबर शेतकरी कामगार पक्ष उभा केला. ते पुढे काँग्रेसमध्ये परतले, हेही खरं. पण ६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली, ती जेध्यांच्याच अध्यक्षतेखाली. कम्युनिस्ट, समाजवादी, शेकाप, आंबेडकरी विचारांची माणसं एका मुद्द्यावर एकत्र बसली. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला जबर मार बसला, एस. एम. जोशी आणि आचार्य अत्रे विधानसभेत गेले, आणि १ मे १९६० ला मराठी माणसाला त्याचं राज्य मिळालं. समितीला राज्यात सत्ता कधी मिळाली नाही. मुख्यमंत्री काँग्रेसचेच यशवंतराव चव्हाण राहिले. पण हे राज्य विरोधकांनी रेटलं म्हणून आलं, हे यशवंतरावांनाही ठाऊक होतं. आणि १९७७ मध्ये काँग्रेस हरली तेव्हा तेच यशवंतराव लोकसभेत विरोधी पक्षनेते म्हणून बसले.

समितीचा विजय कशावर उभा होता, याचा आजच्या विरोधी पक्षांनी विचार करावा. गावात शाखा होती, शाखेत वाचन होतं, शेतसारा असो की खंड, प्रत्येक प्रश्नावर तहसीलवर जाणारी माणसं होती. आमच्या तालुक्यात काँग्रेस म्हणजे एक घर, असं अनेक वर्षं चाललं. ते घर गेलं आणि त्याबरोबर कार्यकर्ते, कार्यालयं, गावोगावचे संपर्क सगळं गेलं. यात जाणाऱ्याइतकाच दोष त्या पक्षाचा आहे, ज्यानं सत्तरच्या दशकापासून भोरमध्ये दुसरी फळी उभी राहूच दिली नाही. बाकीच्या विरोधी पक्षांचे वाढदिवसाचे फ्लेक्स कापूरहोळच्या चौकात दिसतात. पण तालुक्यातल्या किती वाड्यांत नळ आहे आणि पाणी नाही, याची यादी त्यांच्यातल्या एकाकडेही मी पाहिलेली नाही.

२०२४ मध्ये हे फार ठळक दिसलं. जूनमधल्या लोकसभेच्या निकालात विरोधी आघाडीच्या सुप्रिया सुळे यांना या एका मतदारसंघानं चाळीस हजारांहून अधिक मताधिक्य दिलं. पाच महिन्यांत वारं फिरलं. मधल्या काळात सरकारनं लाडकी बहीण योजना आणली, महिन्याला पंधराशे रुपये. ते पैसे माझ्या बचत गटातल्या बायांच्या खात्यात आले आणि त्यांना त्याचा आधार झाला. त्या पैशाला मी नावं ठेवणार नाही. पण विरोधकांनी काय केलं? आम्ही तीन हजार देऊ म्हणाले. ही तर बोली झाली, आणि बोलीत सरकारपुढे विरोधक नेहमीच हरणार, कारण तिजोरीची किल्ली सरकारकडे असते. विरोधकांनी त्या वेळी आमच्या बायांना विचारायला हवं होतं की पंधराशेतले टँकरला किती जातात, दवाखान्यासाठी पुण्याला जायच्या गाडीभाड्याला किती जातात. भोरच्या सरकारी दवाखान्यातून रुग्ण पुण्याला का पाठवावे लागतात, हा प्रश्न घेऊन कोणी दारात आलं असतं तर बायांनी ऐकून घेतलं असतं.

विरोध म्हणजे नुसता आरडाओरडा, हे खरं नाही, याचा पुरावा आमच्याच रस्त्यावर आहे. खेड शिवापूरच्या टोलनाक्याविरुद्ध सगळ्या पक्षांची माणसं कृती समिती करून २०२० मध्ये रस्त्यावर उतरली. आमदार म्हणून संग्राम थोपटे त्यात होते, आणि तेव्हा ते राज्यात सत्ताधारी आघाडीचे होते. पुण्याच्या पासिंगच्या गाड्यांना त्यातून टोलमध्ये दिलासा मिळाला. मुद्दा नेमका होता, मागणी एका वाक्यात सांगता येत होती, आणि मागणारे निवडणूक संपल्यावरही नाक्यावर उभे होते.

हेच काम आता धरणाच्या पाण्यावर व्हायला हवं. नीरा-देवघर धरणाचं पाणी बारामतीकडे जास्त सोडायचं की फलटण-माळशिरसकडे, यावर २०१९ मध्ये एका सरकारनं एक निर्णय घेतला आणि २०२० मध्ये दुसऱ्या सरकारनं तो फिरवला. खालच्या दोन्ही बाजूंची बाजू मांडायला मोठमोठे नेते होते. धरण ज्यांच्या जमिनीवर उभं आहे त्या हिर्डस मावळाची बाजू त्या भांडणात कोणी मांडली? गुंजवणी धरणाचं पाणी वेल्ह्याच्या कोणत्या गावांना मिळणार, हा प्रश्नही तसाच. सत्तेतला आमदार आपल्याच सरकारातल्या बारामतीच्या नेत्यांपुढे हा प्रश्न किती ताणून धरू शकेल? मी मांडेकरांच्या हेतूवर शंका घेत नाही. पण विरोधी बाकावरचा आमदार तारांकित प्रश्न टाकतो, लक्षवेधी लावतो, कपात सूचना देतो आणि मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यायला लावतो. सत्तेतला आमदार मंत्र्याच्या केबिनमध्ये जाऊन विनंती करतो. विनंतीची नोंद कुठंच राहत नाही.

म्हणून माझी मागणी आमच्या दोन्ही नेत्यांकडे आहे, आणि ती नावानिशी आहे. मांडेकर मंत्री नाहीत, त्यामुळे अशासकीय विधेयक मांडायचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. त्यांनी १९७८ च्या कायद्यात दुरुस्ती सुचवावी. एक दशांश असो वा नसो, विरोधातल्या सर्वांत मोठ्या पक्षाचा नेता हाच विरोधी पक्षनेता, आणि अध्यक्षांनी निर्णय द्यायला ठरलेली मुदत. त्याच विधेयकाबरोबर त्यांनी अशासकीय ठराव आणावा की जिल्हा नियोजन समितीचा आणि पुरवणी मागण्यांतला मतदारसंघनिहाय निधी, आमदाराच्या पक्षाच्या नावासकट, दर अधिवेशनात पटलावर ठेवला जावा. थोपटेंच्या नव्या पक्षाचे विधानसभेत १३२ आमदार निवडून आले आहेत. ज्या खुर्चीसाठी एकदा त्यांचं नाव घेतलं गेलं, ती रिकामी राहू नये म्हणून त्यांनी आपल्या पक्षात शब्द टाकावा. थकहमीच्या निकषांसाठीही टाकावा. आपल्या कारखान्याच्या सभासदांनी काय सोसलं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

आणि आम्ही, ज्यांची ती एक लाखाहून जास्त मतं आहेत, त्यांनी पुढच्या ग्रामसभेत बसून राहायचं आहे. जमाखर्च वाचल्याशिवाय उठायचं नाही. वेळवंड खोऱ्यातल्या आम्ही काही बाया गावागावातल्या नळांची यादी करायला लागलो आहोत. कुठं पाणी येतं, कुठं येत नाही, काम कोणत्या साली झालं, खर्च किती दाखवला. यादी पुरी झाली की ती आमदारांना देऊ, थोपटेंना देऊ, आणि तालुक्यात ज्या कोणत्या विरोधी पक्षाचा माणूस ती मागायला येईल, त्यालाही देऊ.